मुद्दा कायम

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री साडेदहाला कोणी दिवे मालवून गाडीत एकटंच बसलेलं दिसलं, तरी वॉचमन आता तिकडे फिरकत नाही. पहिल्या खेपेला त्याने काठी आपटली होती. काच चार बोटं खाली आली आणि आतून दबक्या आवाजात दरडावणी आली, "गप रे! मोजतोय."

इंजिन बंद केलं की गाडीच्या पोटाखालून टिक्, टिक् असा आवाज येतो. सायलेन्सर आणि त्याच्यावरचा पत्रा तापून फुगलेला असतो, तो निवताना आक्रसतो आणि बोलतो. पेट्रोलवर चालून आलेली कुठलीही गाडी हे करते. वॉरंटीकर काकांना हे ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी आधी मोजून घेतलं असतं. त्या रात्री सत्तेचाळीस भरले. वहीत नोंद झाली: "इंजिन बंद केल्यापासून ११ मिनिटांत ४७ टिकटिका. शेवटच्या पाच क्षीण."

वॉरंटीकर हे त्यांचं आडनाव नव्हे, ते आम्ही सोसायटीने त्यांना बहाल केलं. अशी माणसं सगळीकडे असतात. तुमच्याही इमारतीत एखादा असेल. नसेल, तर तुमच्या स्वतःच्या गाडीची वॉरंटी केव्हा संपतेय ते एकदा बघून घ्या.

एरवी काका चारचौघांसारखेच. गाडी आली तेव्हा पेढे वाटले, चाकाखाली लिंबं ठेवली, मोठ्ठी पुठ्ठ्याची किल्ली हातात धरून शोरूममध्ये फोटो काढला. पुढची अडीच वर्षं गाडी म्हणजे मंडईत जायचं साधन होतं. आरशाला ओरखडा पडला तर "चालायचंच" म्हणायचे. वॉरंटी संपायला सहा महिने उरले आणि या माणसाच्या कानांना धार आली.

त्याचं कारण त्यांच्या नोकरीत आहे. काका स्थानिक निधी लेखापरीक्षेत होते. ग्रामपंचायती, नगरपालिका यांचे हिशेब तपासण्यात बत्तीस वर्षं गेली. ३१ मार्चच्या आत निधी खर्च केला नाही तर तो व्यपगत होतो, म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गटारांवर गटारं बांधणाऱ्या आणि आहे त्या रस्त्यावर पुन्हा डांबर ओतणाऱ्या मंडळींना त्यांनी जन्मभर शिंगावर घेतलं. "वर्षभर झोपला होतात काय?" हा त्यांचा ठरलेला शेरा. आणि आता स्वतःच्या पदरात तीन वर्षांची वॉरंटी अखर्चित पडलेली!

त्यातून तारीखही मार्चचीच. गाडी २०२३ च्या गुढीपाडव्याला घेतली, म्हणजे २२ मार्चला. तिथीने मोजलं असतं तर वॉरंटी २०२६ च्या पाडव्याला, १९ मार्चलाच आटोपली असती. कंपनी इंग्रजी तारीख धरते, त्यामुळे तीन दिवस पदरात पडले. मग मुदत २१ ला संपते की २२ ला, हा प्रश्न निघाला. काकांनी तो लेखी विचारला. उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी सुरक्षित बाजूने २१ धरली. शनिवार. सर्व्हिस सेंटर चालू.

वॉरंटी "तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते". काकांची गाडी चालली २१,४०० किलोमीटर. म्हणजे ७८,६०० किलोमीटर वाया. हा आकडा ते ज्या आवाजात सांगायचे, त्या आवाजात लोक बुडालेल्या पतपेढीबद्दल बोलतात. निवृत्तीच्या वेळी तीनशे दिवसांच्या अर्जित रजेचे पैसे मिळाले होते, तसे न चाललेल्या किलोमीटरचे का मिळू नयेत, असा त्यांचा सवाल होता. मला तो अगदीच गैर वाटला नाही.

माझी गाडी २०२२ ची, मारुती. तेव्हा तिची वॉरंटी दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर असे. २०२४ च्या जुलैत कंपनीने ती तीन वर्षं आणि एक लाखावर नेली, पण माझी तोवर संपून गेली होती. हे कळल्यावर काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी दोनच वर्षांची होती रे," ते म्हणाले, आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत.

माणसाला हसण्याआधी एक सांगून टाकतो. काकांच्या आधीच्या गाडीत एसी लावला की बॉनेटखालून बारीक कण्हल्यासारखा आवाज यायचा. दीड वर्ष त्यांना "नॉर्मल आहे सर" हे उत्तर मिळालं. वॉरंटी संपली, आणि अकराव्या दिवशी कॉम्प्रेसर बसला. बिल २८,००० रुपये. तेव्हा काका सज्जन होते. त्यांनी ते भरलं.

या "नॉर्मल"च्या तीन अवस्था असतात. गाडी नवी असताना आवाज आला तर "गाडी सेट होतेय सर". पुढे तोच आवाज "नॉर्मल". वॉरंटी संपल्यावर तोच आवाज "झीज झालीय, बदलावं लागेल". सुटा भाग तोच, आवाज तोच. कंपनीच्या खर्चाने तो बिघडलेला असा त्याच्या आयुष्यात एकही दिवस उजाडत नाही. बाकी पुस्तिकेत काय काय वगळलंय ते काकांनी पिवळ्या पेनाने रंगवून ठेवलं होतं. वायपरचं रबर नाही, ब्रेक पॅड नाहीत, क्लच प्लेट नाही, बल्ब-फ्यूज नाहीत. टायर आणि बॅटरीची वॉरंटी ज्याची त्याची कंपनी बघणार. उंदरांनी वायर खाल्ली तर नाही. पक्ष्याने रंगावर प्रसाद टाकला आणि डाग राहिला, तर तेही नाही. फ्री सर्व्हिसमध्ये फक्त मजुरी फ्री, ऑइल आपलं. "मग उरलं काय?" काका विचारत. "गाडीचा नंबर?"

तर आवाज. खरी लढाई इथे झाली.

मराठी माणसाला आवाजांची ददात नाही. काकांच्या वहीत बारा मुद्दे होते, त्यातले नऊ आवाजांचे, आणि एकही शब्द दुसऱ्यांदा आलेला नव्हता. खुळखुळ म्हणजे काहीतरी सुटलंय आणि त्याला हिंडायला जागा आहे. खडखड म्हणजे सुटलंय पण जागा नाही. कुरकुर म्हणजे प्लास्टिकवर प्लास्टिक घासतंय, करकर म्हणजे रबरावर काच. घरघर चाकातून येते आणि वेगाबरोबर वाढते. फडफड खालून येते आणि ऐंशीच्या पुढेच सुरू होते. किणकिण, टकटक, आणि "चुईं". या शेवटच्यावर काकांनी अर्धं पान लिहिलं होतं, कारण तो फक्त पावसाळी सकाळी पहिल्या ब्रेकला यायचा. (रात्रभर ओल्या राहिलेल्या डिस्कवर गंजाचा पापुद्रा धरतो, दोन-तीनदा ब्रेक लावला की तो घासून जातो. हा मात्र खरोखरच नॉर्मल.)

ही वही घेऊन काका सर्व्हिस अॅडव्हायझरसमोर बसायचे. तो बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. काका वाचायचे, "मुद्दा क्रमांक चार. डाव्या मागच्या दारातून, दुसऱ्या गिअरमध्ये, उताराला, कुरकुर." मुलगा टॅबवर बोट दाबायचा. "पाच. डॅशबोर्डच्या मध्यभागी, खडबडीत रस्त्यावर, किणकिण. खुळखुळ नव्हे, लक्षात घ्या." मुलगा बोट दाबायचा. शेवटी जॉब कार्डची प्रत हातात यायची. तिच्यावर इंग्रजीत नऊ वेळा एकच शब्द: नॉइज. नॉइज. नॉइज.

काकांच्या दृष्टीने हा दस्तऐवजात केलेला फेरफार होता. "अहो, यात कुरकुर कुठेय?"

"सर, सिस्टिममध्ये तेवढाच ऑप्शन येतो."

संध्याकाळी गाडी मिळायची ती लखलखीत धुतलेली, आतून वास मारलेली, चाकं काळी चकचकीत. प्रत्येक नॉइजपुढे शेरा: तपासले, ठीक आहे. काका ते घरी आणून वहीत उतरवून घेत आणि समोर लाल शाईने लिहीत, "अनुपालन असमाधानकारक. मुद्दा कायम."

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून फोन, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण? त्याच्या आधीच अॅडव्हायझरचा फोन येऊन गेलेला असायचा. सर, प्लीज दहा द्या, नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह जातो. काका मनाने वाईट नाहीत. ते त्या मुलाला म्हणाले, "बाळ, दहापैकी दहा मी बत्तीस वर्षांत एकाही ग्रामसेवकाला दिले नाहीत. तुला सात देतो. सात चांगले असतात."

शेवटच्या तीन महिन्यांत काकांच्या गाडीत बसणं ही शिक्षा होती. एसी बंद, कारण त्याच्या आवाजात बाकीचे आवाज बुडतात. काचा वर, कारण बाहेरचे आवाज आत येतात. रेडिओ बंद. बोलणं बंद. फेब्रुवारीच्या दुपारी आम्ही तिघं, काका, पुढे काकू आणि मागे मी, कर्वे पुतळ्यापासून पौड फाट्यापर्यंत घामाच्या धारांत मुक्याने जायचो. मला सोबत न्यायचे ते साक्षीदार म्हणून. मागच्या सीटवर डावीकडे सरकून, दाराला कान लावून बसायचं. "आला?" काका विचारायचे. "आला," मी म्हणायचो. खरं सांगायचं तर चौथ्या फेरीनंतर मला सगळंच ऐकू यायला लागलं होतं. माझ्या गुडघ्याचीसुद्धा कुरकुर.

काकू एकदाच बोलल्या. "अहो, तुम्ही रात्री घोरता, त्याची कोणाकडे तक्रार करू?" काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. ते विधान इतिवृत्तात न घेण्याविषयी ती खूण होती.

खड्ड्यांचीही त्यांना पारख झाली होती. कुठल्या खड्ड्यात कुठला आवाज निघतो ते ठरलेलं. टकटक ऐकायची असेल तर शाळेसमोरचा, किणकिण हवी असेल तर बँकेच्या कोपऱ्यावरचा. हा कोपऱ्यावरचा खड्डा म्हणजे त्यांचा हुकमी एक्का. पंधरा वर्षांत ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, तो महापालिकेने ऐन मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत बुजवला. काका सकाळी तिथे उभे राहिले. "पुरावा नष्ट केला," ते म्हणाले. आणि मग हळूच, "मार्च आहे ना." पण महापालिकेचं बुजवणं म्हणजे खड्ड्याच्या जागी टेंगूळ. संध्याकाळी गाडी त्यावरून गेली तर किणकिण पूर्वीपेक्षा ठसठशीत! महापालिकेबद्दल त्यांनी काढलेला पहिला चांगला शब्द मी त्या दिवशी ऐकला.

बारातले काही मुद्दे निकालात निघाले, हे कबूल करायला हवं. एक तर वॉचमननेच आणला होता: "साहेब, गाडी गळतीय." काकांनी खाली भगुलं लावलं आणि तासाभरात पाऊण लिटर जमवलं. काकूंचं भगुलं. ते एसीचं पाणी होतं. दमट हवेतलं बाष्प थंड कॉइलवर जमतं आणि नळीतून खाली ठिबकतं. ते ठिबकत नसेल तर काळजी करायची. भगुलं आता पार्किंगमध्येच असतं, काकू ते घरात घेत नाहीत.

दुसरा मुद्दा, गाडी डावीकडे ओढते. यावर अॅडव्हायझरने दिलेलं उत्तर ऐकून काका चाट पडले. सर, पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता असतो. आपण डावीकडून चालवतो, म्हणून गाडी किंचित डावीकडे जाते. मोकळा रस्ता बघून जरा उजव्या अंगाने चालवून बघा. काकांनी पहाटे साडेपाचला बघितलं. गाडी उजवीकडे गेली. वहीत शेरा पडला: "खुलासा मान्य." त्या मुलाबद्दल त्यांना आदर वाटू लागला, गुण मात्र सातच राहिले.

आणि पुढच्या डाव्या चाकाची टकटक? ती खरी निघाली. सावकाश जाताना बारीकसारीक उंचवट्यांवर टक्-टक्, वेग वाढला की गप्प. तीन वेळा "तपासले, ठीक आहे" झाल्यावर काकांनी गाडी रॅम्पवर घ्यायला लावली आणि स्वतः खाली जाऊन उभे राहिले. तिथे एक जुने मेकॅनिक होते. सगळे त्यांना मामा म्हणत, आणि त्यांच्या हातात टॅब नव्हता. त्यांनी लिंक रॉड हाताने धरून हलवला. टक्. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कोणी मुलगा पास झाल्यावर शेजाऱ्याकडे पाहतं. लिंक रॉड बदलला, वॉरंटीत, शून्य रुपये. काकांनी ते जॉब कार्ड लॅमिनेट करून घेतलं. त्याचे तीस रुपये पडले.

राहता राहिला मुद्दा क्रमांक पाच, किणकिण. डॅशबोर्ड दोनदा उघडून झाला. आत फेल्टची टेप लावली. क्लिपा बदलल्या. दर वेळी सर्व्हिस सेंटरचा माणूस शहरभर फिरवून आणायचा आणि म्हणायचा, अजिबात आवाज नाही. काका ताबा घ्यायचे, बँकेच्या कोपऱ्यापर्यंत यायचे, आणि किण्! अॅडव्हायझरला काका भ्रमिष्ट वाटत होते आणि काकांना तो खोटारडा. दोघंही एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे बोलत, यावरून प्रकरण किती हाताबाहेर गेलं होतं ते कळावं.

२१ मार्चला आम्ही साडेनऊला हजर. काकांनी आधी एक काम उरकून घेतलं, वाढीव वॉरंटी. ती मूळ वॉरंटी जिवंत असतानाच घ्यावी लागते. आधी महिनाभर "लुबाडतात साले" म्हणून झालं होतं. घेतली. दोन वर्षांची. मग वही उघडून म्हणाले, "मुद्दा पाच. आज मामा स्वतः बसतील आणि मी चालवीन."

अॅडव्हायझरने हात टेकले. मामा मागे बसले, मी त्यांच्या शेजारी. काकांनी गाडी फाटकाबाहेर काढली आणि पहिल्याच गतिरोधकावर किण्! मामांनी भुवया उचलल्या. दुसऱ्यावर, किण्!

"थांबवा जरा," मामा म्हणाले. पुढे वाकले, हात लांब केला आणि मधेच थबकले. मग पायातल्या चपला काढल्या, आणि डॅशबोर्डवरच्या पितळी गणपतीला दोन बोटांनी हलकेच टेकवून धरलं.

"आता घ्या."

गतिरोधक गेला. काही नाही. आणखी एक. काही नाही. मामांनी बोटं उचलली. किण्!

गणपतीच्या पाटाखालची चिकटपट्टी तीन उन्हाळ्यांत वाळून एका कोपऱ्याने सुटली होती. झालं होतं असं, की गाडी सर्व्हिसला आत घेताना पोरं आधी देवाला काढून, कागदात गुंडाळून, हातमोज्यांच्या कप्प्यात नीट ठेवत. धुण्याचा फेस उडायला नको, कोणाचा धक्का लागायला नको. मग गाडी फिरवून बघत. आवाज कुठला यायला! संध्याकाळी परत देताना गणपती जागेवर बसवून, हात जोडून, गाडी काकांच्या ताब्यात. तीन महिने दोन्ही बाजू खरं बोलत होत्या.

परतीच्या वाटेवर कोणी बोललं नाही. मला हसू आवरत नव्हतं म्हणून मी बाहेर बघत होतो. आता काका वही मिटतील आणि चहा पाजतील असा माझा अंदाज होता. मी या माणसाला पुरता ओळखलेलंच नव्हतं.

काउंटरवर अॅडव्हायझर सुटकेचा श्वास सोडून म्हणाला, "म्हणजे सर, गाडीचा प्रॉब्लेम नव्हताच."

"मूर्ती कोणी दिली?" काकांनी विचारलं.

"अं?"

काकांनी पिशवीतून फाईल काढली. डिलिव्हरीच्या दिवसाचा फोटो, पुठ्ठ्याच्या किल्लीसकट. मागे डॅशबोर्डवर गणपती. त्याखाली अॅक्सेसरीजचं बिल. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, आणि चौथ्या ओळीत: आयडॉल, एक नग, किंमत शून्य. "तुमच्याकडूनच आली. तुमच्याच माणसाने बसवली. बसवण्यात दोष. आणि आज तारीख एकवीस."

मुलाने टॅबकडे पाहिलं. टॅबमध्ये गणपती नव्हता. तो मॅनेजरकडे गेला. काचेपलीकडे मॅनेजर आधी हसताना दिसला, मग फाईल वाचताना, मग नुसताच बसलेला. दहा मिनिटांनी मामा डबल टेप घेऊन आले. त्यांनी पाट पुसला, टेप चारी बाजूंनी कापून लावली, गणपती बसवला आणि अंगठ्याने दाबून मिनिटभर तसंच धरून ठेवलं. जॉब कार्ड आलं. त्यावर "नॉइज" नव्हतं. मुलाने पेनने स्वतःच्या हाताने, मराठीत लिहिलं होतं: किणकिण. मूर्ती पुन्हा बसवली. शून्य रुपये.

काकांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. लाल पेन काढून वहीत मुद्दा पाचपुढे "निकाली" लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली. मुलगा उठून उभा राहिला, हात पुढे केला.

काकांनी हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"या टेपला वॉरंटी किती?"